दिवा लावून बसलेली बाई

ते गाणं लागलं की लिओटाच्या हातातली कॉफीची किटली टेबलावर जरा जोरातच आदळायची. बेकर्सफिल्डहून मोहावेकडे चढणाऱ्या घाटाच्या तोंडाशी तिचं आणि हॉइटचं ट्रकवाल्यांचं हॉटेल होतं. नवरा तव्यावर, बायको टेबलांवर. एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या त्या उन्हाळ्यात प्रत्येक ट्रकवाला आत यायचा, गाण्याच्या पेटीत नाणं टाकून तेच गाणं लावायचा आणि वर लिओटाला डोळा मारून विचारायचा, "काय गं दिवेवाली, आला का तुझा माणूस?"

गाण्यातली गोष्ट अशी : एक गडी तीनदा घर सोडतो. एकदा मोहावेहून, एकदा नीडल्सहून, एकदा पार ॲरिझोनातल्या होलब्रुकहून परत फिरतो. आणि दर वेळी दारात दिवा लावून त्याची बाई वाट बघत बसलेली असते. खाली ढोलकं दणदणीत, आणि वर ते स्टील गिटार असं काही गळा काढतं की दोनशे पौंडांचे बाप्ये अंड्यात मान घालून डोळे पुसतात. रेडिओवर दिवसातून सहा वेळा.

आता खरं काय ते सांगायलाच हवं, कारण गाणं लिहिणाऱ्यानं ते सांगितलं नाही. तीन वर्षांपूर्वी लॉस एंजेलिसच्या चार लांबकेस्या पोरांची गाडी घाटात तापून बंद पडली. दुरुस्तीला चार तास. त्यातला गाणारा, रँडल त्याचं नाव, काउंटरपाशी बसून सात कप कॉफी प्यायला आणि म्हणाला, "बाई, तुमचं लक्ष सारखं रस्त्याकडे का असतं हो?" परक्या माणसाला सांगायला काय जातं! लिओटानं सांगून टाकलं. घर सोडून तीनदा गेली होती ती स्वतः. मोहावे, नीडल्स, होलब्रुक. तिन्ही वेळा परत आली तेव्हा भर दुपारीसुद्धा दारावरचा दिवा जळत होता, आणि हॉइट तव्यापाशी उभा. त्यानं एका शब्दानं विचारलं नाही. दोन अंडी आणि तळलेले बटाटे तिच्यापुढे सरकवले आणि पुन्हा तव्याकडे तोंड केलं.

रँडलनं बिलाच्या कागदाच्या पाठीवर काहीतरी खरडलं. दोन वर्षांनी गाणं आलं. गावं तीच, दिवा तोच. फक्त पाय फुटले ते बाप्याला, आणि बाईला बसवलं दारात. बाई निघून जाते म्हटलं तर ट्रकवाले कशाला नाणी टाकतील?

गाण्यातल्या घाटावरून ट्रकवाल्यांनी हे दार ओळखलं आणि मग लोक दिव्याचे फोटो काढायला यायला लागले. दिवा बंद दिसला तर हिरमुसायचे, म्हणून हॉइट तो रात्रंदिवस चालू ठेवायला लागला. लिओटाचा तिळपापड व्हायचा. एकदा न राहवून ती बर्ल नावाच्या जुन्या ट्रकवाल्यावर खेकसली, "अरे, तो गडी म्हणजे मी आहे! मी गेले होते, मी!"

बर्ल हसून हसून लाल झाला. "तू? अगं, हे हॉटेल बांधलं ते तुझ्याभोवतीच."

हे तिला फार लागलं. त्या दिवसानंतर तिला रात्री झोप लागेना आणि दिवसा पाय एका जागी ठरेनात. पुसलेलीच टेबलं ती पुन्हा पुसायची. कुठे जायचं होतं ते तिनं रँडललाही सांगितलं नव्हतं. छत्तीस साली धुळीच्या वादळांनी शेतं खाल्ली तेव्हा तिचा बाप ओक्लाहोमातलं चेकोटा गाव सोडून निघाला, मांडीवर तीन वर्षांची लिओटा. आठच दिवसांपूर्वी तिच्या आईला पुरलं होतं. वर एक फळी, फळीवर कोळशानं नाव. बाप दर वर्षी म्हणायचा, पुढच्या वर्षी जाऊ आणि दगड बसवू. तो इकडे दुसऱ्यांचा कापूस वेचता वेचता मेला. फळी तर केव्हाच कुजली असणार. लिओटानं केर्न नदीतला एक सपाट दगड आणला, खिळ्यानं त्यावर 'इडा' एवढंच कोरलं आणि गाडीच्या मागच्या हौद्यात ताडपत्रीखाली ठेवून दिला. दर वेळी तो दगड घेऊन ती निघायची. आणि दर वेळी वाटेत मनात यायचं : तिथे गेले आणि काहीच नसलं तर? जागाच सापडली नाही तर? हात आपोआप चाक फिरवायचे.

निदान ते गाणं तरी पेटीतून जावं, एवढं तिनं मनावर घेतलं. पेटीवाला अर्लिस दर मंगळवारी यायचा. प्रत्येक तबकडी किती वेळा वाजली ते पेटीतला काटा दाखवतो. सगळ्यात कमी वाजलेली निघते, नवी बसते. आता पेटी गप्प असली की गिऱ्हाईकही मुकाट जेवून उठतं, म्हणून ती वाजती ठेवायला हॉटेलवाल्यांकडे घरची नाणी असतात, लाल रंगवलेली. अर्लिस ती मंगळवारी वेगळी काढून परत द्यायचा. लिओटा आपल्या नखांच्या रंगानं ती रंगवायची. सहा आठवडे तिनं त्या लाल नाण्यांवर दुसरीच गाणी लावली. पोल्का नावाच्या नाचाचं एक धांगडधिंग्याचं गाणं तर इतक्या वेळा, की बर्ल कानात पावाचे बोळे घालून जेवायला बसला.

मंगळवारी सकाळी अर्लिसनं पेटी उघडली. "पोरी, तुझं गाणं पहिलं आहे. दुसरं त्याच्या आसपासही नाही."

"शक्यच नाही! काटा बिघडलाय तुझा."

"काट्याला काय धाड भरलीय? ही बघ तुझी लाल नाणी." त्यानं नाणी काउंटरवर ओतली आणि चष्मा वर केला. "पण ही सगळी तुझ्या नखांची नाहीत हं. तुझी ही चमकतात. आणि ही बघ, जाड रंग, ब्रशचे ओरखडे. हा तर तुमच्या दारातल्या पाण्याच्या पंपाचा रंग."

पंप वसंतात रंगवला होता. रंगवला होता हॉइटनं.

लिओटा मूठभर नाणी घेऊन सरळ तव्यापाशी गेली. "हे काय आहे?"

हॉइटनं बर्लची अंडी उलटली. पुन्हा उलटली. "नाणी," तो म्हणाला.

"माझ्या जखमेवर मीठ चोळायला लावतोस ते गाणं? म्हणून उठतोस पहाटे माझ्या आधी?"

"नाही गं." तो तव्याशीच बोलत होता. "त्या गाण्यात बाई थांबते."

"मग?"

"मग काय. तवा पेटवायच्या आधी तीनदा ऐकतो. तेवढी दहा मिनिटं बरी जातात."

"आणि दहा मिनिटांनंतर?"

"मागं जाऊन बघतो, गाडी आहे का."

लिओटाच्या हातातली नाणी खाली पडली. एकवीस वर्षांत ह्या माणसानं तोंडातून एवढे शब्द एका वेळी काढले नव्हते. तिला त्याचा राग आला आणि रडूही आलं.

"तू कधी विचारलं का नाहीस रे, कुठे जातेस म्हणून?"

"विचारलं असतं आणि तू कुणाचं नाव घेतलं असतंस तर?"

"कुणाचं नाव घेणार, मेल्या! माझी आई आहे तिकडे."

"तुझी आई तर वारली."

"म्हणून तर!"

मग तिनं त्याला दंडाला धरून मागं नेलं आणि ताडपत्री उचलली. हॉइटनं वाकून दगडावरच्या अक्षरांवरून अंगठा फिरवला. "सात वर्षं मी समजत होतो," तो म्हणाला, "की घाटात चाकं घसरू नयेत म्हणून हा ठेवलाय."

तो आत गेला आणि त्यानं तव्याखालचा गॅस बंद केला.

"माझी अंडी?" बर्ल ओरडला.

"घरी जाऊन खा."

"अरे, पण चाललास कुठे?"

"सासुरवाडीला," हॉइट म्हणाला. दाराला कुलूप घालताना त्यानं बटण दाबून दिवाही घालवला. अर्लिस आणि बर्ल बाहेर उन्हात तोंडं उघडी टाकून उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी होलब्रुक आलं. लिओटानं मागच्या खेपेला जिथून गाडी फिरवली होती, नेमकी तिथेच, पेट्रोलपंपाला लागून असलेल्या छोट्या हॉटेलापुढे ती थांबली. इंजिन तिनं चालूच ठेवलं. हात चाकावरच होते आणि पश्चिमेचा, घराकडचा रस्ता आरशात स्वच्छ दिसत होता. हॉइट कॉफी आणायला आत गेला. जाळीच्या दारातून आतलं सगळं ऐकू येत होतं, आणि आत काय लागलं असावं? तेच. स्टील गिटारनं गळा काढला होता.

"बिचारी," आतली वाढपीण म्हणत होती. "ती बाई खरी आहे म्हणतात हो. तिकडे बेकर्सफिल्डजवळ. अजून दिवा लावून बसलीय."

लिओटानं हॉर्न दाबला. लांब, जोरात, ढोलकं बुडेपर्यंत.

"दिवा मी घालवून आलोय," हॉइटचा आवाज आला. "आणि बसली बिसली कुठली! तीच बोंबलतेय बाहेर. लवकर दे गं बाई दोन कॉफी, नाहीतर ती मला इथेच टाकून जाईल."

तो गरम कप सांभाळत धावत आला आणि पुरता बसायच्या आतच तिनं गाडी पूर्वेला काढली.