सुंद्राअक्काचा हात

सुंद्राअक्का आली की आधी चुलीपाशी बसून दोन्ही तळहात ऊन करून घ्यायची आणि मग बाळाच्या तोंडात उजव्या हाताची करंगळी घालायची. डोळे मिटून थोडा वेळ तशीच बसायची, नाडी बघणाऱ्या वैद्यासारखी. बाळ करंगळी ओढू लागलं की "वडायलंय चांगलं!" असं आईला ओरडून सांगायची आणि त्यानंतरच तेलाच्या वाटीला हात लावायची. खटकचिंचोळीत आमच्या गल्लीतली निम्मी लेकरं तिने अशी पायांवर घेऊन न्हाऊ घातली होती. त्यात मी होते, माझा धाकटा भाऊ होता, आणि शेवटी माझी मुलगी.

माणसं तिच्या लक्षात राहायची ती त्यांच्या तान्हेपणातली. आमच्या गावात एक बडा आडत दुकानदार आहे. त्याच्यासमोर भलेभले खालच्या आवाजात बोलतात. अक्का त्याला भर बाजारात हाक मारायची, "व्हय रे, तुला न्हाऊ घालताना माजी किती लुगडी भिजवलास, आन् आता वळख देईनास व्हय?" तो बिचारा कानापर्यंत लाल होऊन हसायचा. न्हाणीत मात्र तिची भाषा एकदम अदबीची. प्रत्येक मुलगा कलेक्टर आणि प्रत्येक मुलगी कलेक्टरीणबाई. "उटा कलेक्टरीणबाई, मान वर करा, आता पाठीचं काम निगालंय," असं चाललेलं असायचं.

ती बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत राहायची. आमच्याकडे तिचा चहाचा कप न्हाणीच्या खिडकीत वेगळा ठेवलेला असे. तान्हं लेकरू तिच्या हातात द्यायला आम्हाला काही वाटत नव्हतं, कप तेवढा वेगळा. बी.एड. होऊनही मी तो कप कधी घरात आणला नाही, हेही इथेच सांगून टाकते. पण माझी खरी लाज त्याहून मोठी आहे.

मी बाळंतपणासाठी माहेरी आले होते. तेव्हा बसवकल्याणच्या एका खासगी शाळेत शिकवत होते आणि सरकारी शिक्षकभरतीच्या परीक्षेचा अभ्यास डोक्यावर होता. मुलगी दिवसभर रडायची. पाजून खाली ठेवावं, पुस्तक उघडावं, की पुन्हा सूर लागलाच. मी वैतागायचे. अक्काला त्याचं काहीच वाटत नसे. "रडायलंय म्हंजी बोलायलंय," ती म्हणायची. "कामून गप करायलीस? छातीला लाव." मला वाटायचं, हिला काय, ही तासाभरात उठून जाणार. परीक्षा हिला थोडीच द्यायची आहे!

मोबाइलवर मी एक व्हिडिओ बघितला होता. त्यात गोरंगोमटं बाळ तोंडात रबरी चोखणी धरून शांत झोपलेलं होतं. मी नवऱ्याला सांगितलं आणि त्याने सोलापूरहून तशीच एक आणली, गुलाबी, वर झाकण असलेली. आईला हे चालणार नाही हे मला ठाऊक होतं, म्हणून ती चोखणी मी पावडरच्या रिकाम्या डब्यात घालून उशीखाली ठेवली. दुपारी आई शेताकडे गेली की डबा बाहेर निघायचा. पहिल्या दिवशी मी सलग दोन धडे वाचून काढले. किती खूश झाले होते मी, ते आता आठवलं तरी मान खाली जाते. मग एका तासाचे दोन झाले, दोनाचे चार. मुलगी अंगावर घेतली की दोन घोट घेऊन तोंड फिरवायची, आणि मी समजायचे, पोट भरलं. दूधही कमी झालं. कुणाकुणाचं होतं तसं, असं मी मनाशी म्हणायचे. पुस्तकात मात्र खुणेची फीत रोज पुढे सरकत होती.

एके सकाळी अक्काने नेहमीप्रमाणे करंगळी घातली आणि लगेच डोळे उघडले.

"वडंना झालंय हे," ती म्हणाली. "जिभंनं नुसतं चगळायलंय." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "वैजू, वरचं काय द्यायलीस का गं?"

"नाही," मी म्हणाले. वरचं दूध मी देत नव्हतेच, तेव्हा हे काही खोटं नव्हे, अशी मी माझी समजूत घातली. शिकलेल्या माणसाला अशा पळवाटा पटकन सापडतात. अक्काने पुन्हा विचारलं नाही, पण त्या दिवशी तिने कलेक्टरीणबाईला मुकाट्याने न्हाऊ घातलं.

त्याच आठवड्यात अंगणवाडीत वजनं होती. काटा गेल्या महिन्याच्या आकड्यावरून जेमतेम हलला. "नोडम्मा, तूक एरिल्ल," तिथल्या सिस्टर कानडीत म्हणाल्या. वजन चढलं नाही. मग त्यांनी मोडक्या मराठीत एकेक विचारायला सुरुवात केली, किती वेळा पाजता, बाटली देता का, तोंडात निपल देता का. भोवती दहाएक बायका आपापली लेकरं घेऊन बसल्या होत्या आणि सगळ्यांची नजर माझ्यावर होती. गावातली शिकलेली मुलगी मी!

"नाही. काहीच देत नाही," मी म्हणाले.

"मग सुंद्राचा हात जड झालाय," सोबत आलेली आई म्हणाली. "वय झालं आता तिचं. रगडून रगडून लेकराचं अंग उतरवलं बघा." बायकांनी माना डोलावल्या. आमच्याकडे न्हाऊ घालणारीचा हात बाळाला मानवतो किंवा मानवत नाही, आणि मानवला नाही असं एकदा ठरलं की त्यावर कुणी वाद घालत नाही. मी खाली वाकून झबल्याची नाडी बांधत राहिले. ती आधीच बांधलेली होती.

दुसऱ्या दिवशी अक्का चुलीपाशी हात ऊन करत असतानाच आईने सांगितलं, "सुंद्रा, आजपासून राहू दे. तुझा हात मानवंना झालाय."

अक्काला आधी ती थट्टाच वाटली. मग तिने तळहात उलटे करून पाहिले आणि म्हणाली, "माजा हात? वैनी, ही वैजू बी माज्याच पायावर वाढली की. तिलाच इचारा."

आईने माझ्याकडे पाहिलं. अक्कानेही पाहिलं. एक शब्द पुरला असता. मी मुलीच्या अंगावरचं दुपटं सारखं केलं.

"एकदा बगून जाऊ?" एवढंच अक्का म्हणाली. आई अंगणात ज्वारी पाखडायला गेली. अक्का माझ्या मागोमाग खोलीत आली, मुलीच्या तोंडात करंगळी घातली, काढली, मग सरळ उशीखाली हात घालून पावडरचा डबा काढला आणि न उघडताच माझ्या मांडीवर ठेवला. बाळाची दुपटी तीच रोज घडी करायची. तिला कधी कळलं असेल ते मी आजवर ओळखू शकलेले नाही.

"हे देऊ नको, माय," ती अगदी हळू आवाजात म्हणाली. "चार दिस लई रडंल. रडू दे. रडलं की छातीला लाव, दिवसभर लाव. दूध बी यील, वजन बी यील."

मला रडू फुटलं. ती माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "आईला मी न्हाई सांगत. बाळंतीण हैस, उगं बोल खाशील. तूच सांग, सवडीनं."

आई दहा पावलांवर सूप झाडत होती. अक्काने जरा आवाज चढवला असता तर तिचं नाव तिथल्या तिथे धुऊन निघालं असतं. ती तशीच न्हाणीवरून निघून गेली. खिडकीतला चहा गार झाला होता.

मी चोखणी चुलीत टाकली. चार दिवस घर डोक्यावर घेतलं मुलीने. मी अक्काने सांगितलं तसंच केलं. दूध आलं, आणि पुढच्या महिन्यात वजनही चांगलं चढलं. त्यावर आईने अंगणवाडीत सगळ्यांना सांगितलं, "बघा, सुंद्राला बंद केलं आन् लेकरू भरलं!" अक्काचाच सल्ला ऐकून मी तिच्यावरचा आळ पक्का केला होता. तेव्हा तरी बोलायचं. तेव्हाही मी बोलले नाही.

शेजारच्यांच्या मुलीचं बाळंतपण तोंडावर होतं. त्यांनी अक्काला आधीच सांगून ठेवलं होतं, त्यांनी निरोप पाठवून नको म्हटलं. मग दुसऱ्या घराने, मग तिसऱ्याने. त्या हंगामात ती तुरीच्या कापणीला जाऊ लागली. संध्याकाळी आमच्या खिडकीवरून परत जाताना दिसायची, आणि मी पडदा ओढून घ्यायचे.

पुढे मला सरकारी नोकरी लागली. मुलगी चार वर्षांची असताना बसवकल्याणच्या बसस्टँडवर अक्का अचानक समोर आली. मुलीची हनुवटी धरून म्हणाली, "हीच व्हय ती? उटा कलेक्टरीणबाई!" मुलगी हसली. मग अक्का माझ्याकडे बघत थांबली. घाई नव्हती तिला. इतक्यात उमरग्याची गाडी लागली. "बस आली, अक्का," मी म्हणाले आणि पोरीला ओढत गाडीत चढले. मला उमरग्याला जायचंच नव्हतं. पुढच्या थांब्यावर उतरून आम्ही पायी परत आलो. मुलगी वाटभर विचारत होती, आपण कुठे चाललोय.

अक्का गेली ती गेल्या पावसाळ्यानंतर. शेवटची वर्षं ती गाव सोडून पुतण्याकडे राहायची. तो माझ्याच शाळेत शिक्षक आहे, त्याने रजा टाकली तेव्हा कळलं. सगळे शिक्षक भेटून आले. मी डोकं दुखतंय असं सांगितलं.

मागच्या महिन्यात भावजय बाळंत झाली. बाळाला न्हाऊ घालायला कुणाला बोलवावं असा विषय निघाला, तशी आई म्हणाली, "बाहेरचं कुणी नको बाई. वैजूच्या पोरीचं काय झालतं, आठवतंय की." माझी मुलगी शेजारीच बसून गृहपाठ करत होती. तिच्यासमोर मी आईला सगळं सांगितलं. चोखणी, पावडरचा डबा, अक्का काय म्हणाली ते. सात वर्षांनी मला सवड झाली होती.

आई उठत म्हणाली, "मग बोलव की तिला. ह्या बाळाला तीच न्हाऊ घालंल."

मग मला दुसरी गोष्टही सांगावी लागली. आईला ती माहीत नव्हती. त्या सकाळनंतर आमच्या घरात कुणी अक्काची चौकशीच केली नव्हती. आईने डोळ्याला पदर लावला आणि म्हणाली, "आता कुणाजवळ बोलू नको गं. लोक काय म्हणतील आपल्याला?"

म्हणून हे लिहिते आहे. आमचं ऐकून ज्या घरांनी तिला बंद केलं, त्यांनी हे वाचावं. सुंद्राअक्काचा हात जड झाला नव्हता. चोखणी मी देत होते.