इर्मट्राउटच्या केसाचा कस

आमचं झोलिंगन हे पात्यांचं गाव. इथल्या निम्म्या घरांतल्या आजोबा-पणजोबांनी चाकू, कात्र्या, वस्तरे घासण्यात जन्म काढला, आणि त्यांचीच नातवंडं आता सकाळी विजेचं यंत्र गालावर फिरवून तीन मिनिटांत मोकळी होतात. एवाल्ड लोमानच्या घराण्यात पात्याला कुणीच हात लावला नव्हता. त्यानं छत्तीस वर्षं ट्रॉलीबस चालवली. पण वस्तऱ्यानं दाढी करण्याची हौस गावात कुठे शिल्लक असेलच, तर ती या बसवाल्याकडे होती.

हौसच म्हणायची. काटकसरीचा त्यात वासही नव्हता. बदामाचा साबण, चंदनाचा साबण, रविवारसाठी वेगळा, पाहुणे यायचे असले तर आणखी वेगळा. "तुझ्या साबणांच्या पैशात मी घरात एक न्हावी ठेवला असता," असं त्याची बायको इर्मट्राउट म्हणायची, "आणि तो दिसायलाही बरा बघितला असता." एवाल्ड हसून ब्रश भिजत घालायचा. गरम पाण्याचा फडका, मग वाडग्यात फेस, मग तो फेस गालावर गोल गोल, मग एकदा केसांच्या दिशेनं आणि एकदा आडवं. सगळं मिळून तास. निवृत्त झाल्यावर सव्वा तास. त्या वेळात तो कुणाचा नवरा नव्हता, कुणाचा बाप नव्हता, आणि त्याला फार बरं वाटायचं.

दर दोन महिन्यांनी वस्तऱ्याला दगडावर धार लावायची असे. धार लागली की नाही हे आमच्याकडचे हौशी लोक केसावर पाहतात. डोक्यावरचा एक केस मुळाशी चिमटीत धरायचा आणि त्याचं टोक नुसतं पात्यावर सोडायचं. दाबायचं नाही, ओढायचं नाही. आवाज न होता केस तुटून पडला, तर पातं तयार. पात्याची टाच, मध्य आणि टोक अशा तीन ठिकाणी पाहायचं, म्हणजे तीन केस. एवाल्डच्या डोक्यावर तिशीनंतर काही उगवलं नाही, म्हणून केस इर्मट्राउटचे. तिचे केस आखूड, जेमतेम चार बोटं, एका केसात एकच कस निघायचा. नाश्त्याला ती काळ्या पावावर लोणी लावत असताना हा मागून येऊन टचकन केस उपटायचा आणि ती न पाहता त्याच्या हातावर चमचा मारायची. चाळीस वर्षं असंच चाललं.

आता प्रत्येक डोक्याच्या केसाची जाडी निराळी. एका केसावर हात बसला की दुसऱ्याचा केस खोटं सांगतो. पण हे एवाल्डला इर्मट्राउट गेल्यावर कळलं. ती तीन हिवाळ्यांपूर्वी गेली, फुप्फुसाच्या दुखण्यानं, आठ दिवसांत.

त्यांची मुलगी आन्नेग्रेट ब्रेमेनला असते. मुलगी चांगली, कामाला वाघ. तिनं अंत्यविधीनंतरच्या आठवड्यात आईचं कपाट रिकामं केलं, कोट चर्चला दिले, चपला वाटल्या, स्नानघरातला फळीभर पसारा पिशवीत भरला. एवाल्डनं फक्त केसांचा ब्रश लपवला, साबणांच्या खणात, अगदी मागे. त्या ब्रशात अडकलेले केस त्यानं एकेक करून सोडवले आणि एका पाकिटात ठेवले. सदतीस निघाले. त्या दिवसापासून त्याला धार लावण्याची भीती वाटू लागली, कारण दगड काढला की पाकिटातून तीन केस जाणार.

त्यानं दुसरे उपाय करून पाहिले नाहीत असं नाही. गुरुवारी बिअरच्या टेबलावर जमणाऱ्या दाढीवेड्या म्हाताऱ्यांपैकी लोथारनं आपल्या बायकोचे केस आणून दिले. ते इतके जाड आणि ताठ की न वाकता पाव कापायच्या सुरीवरही तुटले असते. हातावरच्या लवेवर पाहिलं, तर लव उडाली, आणि सकाळी गाल सोलून निघाला. चाळीस वर्षांत या माणसानं एकाच बाईच्या केसावरून धार ओळखली होती, दुसरी भाषा त्याला येतच नव्हती. वसंतात एक केस उरला. मग त्यानं दगड काढणंच बंद केलं. चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा फिरवून वेळ मारून नेऊ लागला. पट्टा धार टिकवतो, नवी आणत नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं थोडंच? वस्तरा ओढू लागला, मग खरवडू लागला, ऑक्टोबर उजाडेपर्यंत गळ्यावर रोज एक नवी रेघ. ज्या तासाची तो वाट पाहत उठायचा, तो तास तो दात आवळून काढू लागला.

आन्नेग्रेट त्या महिन्यात आली आणि दारातच तिची नजर गळ्यावर गेली. जेवताना ती त्याच्या हातांकडे पाहत राहिली. हात थरथरतात का, हे पाहत होती. जेवण झाल्यावर तिनं पिशवीतून विजेचं यंत्र काढून टेबलावर ठेवलं.

"पपा, वस्तरा मी घेऊन जाते."

"माझे हात ठीक आहेत."

"मग गळा असा कशानं झाला?"

एवाल्डकडे याचं खरं उत्तर होतं. पण पाकिटात बायकोचे केस मोजून ठेवतो असं ऐकल्यावर ही पोरगी नुसता वस्तरा नेऊन थांबणार नव्हती. ब्रेमेनजवळच्या एका वृद्धाश्रमाची चित्रं तिनं मागच्याच खेपेला फ्रिजवर लावली होती. तो म्हणाला, धार गेली आहे, आळस केला. तिनं थोडा विचार केला आणि ठरवून टाकलं: सकाळी तिच्यासमोर दाढी करायची. एकही रेघ उठली नाही तर वस्तरा इथेच राहील.

तो सहाला उठला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर ओला पंचा पसरला, दगड भिजवला आणि सहा महिन्यांनी पातं दगडावर टेकवलं. हात काही विसरले नव्हते. अर्ध्या तासानं पातं दगडाला पाण्यासारखं चिकटून सरकायला लागलं. आता झालं असं वाटलं. पण असं तर त्याला लव उडाली तेव्हाही वाटलं होतं. आत स्नानघरात आन्नेग्रेटच्या नळाचा आवाज येत होता. त्यानं पाकीट उघडलं.

केस करडा होता, मुळाशी जरा तांबूस. टाच आणि टोकावर कस पाहायला केसच नव्हता, म्हणून त्यानं मध्य धरला. केस सोडताना त्याला वाटलं, तुटू नये. मग वस्तरा गेला तरी चालेल.

केस तुटला. आवाज झाला नाही. अर्धा चिमटीत राहिला, अर्धा पंच्यावर पडला. त्यानं चिमटीतला तुकडाही पंच्यावर दुसऱ्याशेजारी ठेवला, दाढी झाली की दोन्ही पाकिटात परत घालू म्हणून. तोवर आन्नेग्रेट कॉफी घेऊन समोर बसली होती.

त्यानं खिडकीतल्या आरशासमोर फेस केला आणि दाढी केली. गाल, कल्ले, हनुवटी, आणि शेवटी गळा, जिथे ती श्वास रोखून पाहत होती. एक थेंब रक्त आलं नाही. तो तुरटी फिरवू लागला तेव्हा ती उठली, तिनं हाताच्या पाठीनं त्याचा गाल चाचपला आणि तिचे डोळे भरून आले.

"मी उगाच घाबरले, पपा. मला वाटलं, तुझं डोकं ठिकाणावर राहिलं नाही."

"आहे ठिकाणावर," एवाल्ड म्हणाला.

मग ती मोकळ्या मनानं आवरायला लागली. एवाल्डला आरशात दिसत होतं. तिनं दगड धुऊन बाजूला ठेवला, पंचा उचलला, खिडकीबाहेर दोनदा झटकला आणि टेबल ओल्या फडक्यानं पुसून घेतलं. एका शब्दानं थांबली असती ती. पण त्या शब्दानंतर तिला सगळंच सांगावं लागलं असतं, आणि आत्ताच कुठे तिनं त्याला शहाणा ठरवलं होतं. तो तोंडावर गार पाणी मारत राहिला, लागतं त्यापेक्षा बराच जास्त वेळ.

दुपारच्या गाडीनं ती गेली. विजेचं यंत्रही परत घेऊन गेली. वस्तरा राहिला.

दुसऱ्या दिवशी त्यानं सगळं नेहमीच्या क्रमानं केलं. फडका, फेस, गोल गोल. पातं गालावरून उतरू लागलं, आणि त्याला धार इतकी सुंदर लागली होती की गालावर काही आहे हेच कळत नव्हतं. सहा महिने रोज टोचत होतं, दुखत होतं, तोवर कुणीतरी घरात असल्यासारखं वाटत होतं. एवाल्डनं वस्तरा मिटून बेसिनवर ठेवला आणि अर्ध्या तोंडाला फेस तसाच ठेवून तो रडला.