महाडच्या पंपावर अडकलेला ओवसा

सायलीचा पहिला ओवसा (नव्या सुनेने भरलेल्या सुपांनी गौरीला ओवाळायचे) आणि गाडी चालवणार कोण, तर मी, तिची आत्या! माहेरची सुपं घेऊन तिला संध्याकाळच्या आरतीआधी कापड्याला, सासरी पोचवायचं होतं. जावई गणपतीलाच पुढे गेलेले. सायली नर्स, तिला सुट्टी त्या दिवशीच मिळाली. ठाण्याहून पहाटे निघालो. माझी विजेची गाडी नवी आणि माझा तोरा त्याहून नवा.

तो तोरा माणगावच्या कोंडीत उतरला. महाड येईपर्यंत चार्जिंग तळाला गेलं होतं. गावाबाहेरच्या पेट्रोल पंपावर चार्जर एकच, त्याला एक टॅक्सी लावलेली. पेट्रोलच्या गाड्या टाकी भरून भुर्रकन जात होत्या. असा राग आला म्हणून सांगू!

पंपाचे मालक म्हातारे काका. त्यांनी खुर्च्या दिल्या, घरून पातोळ्या (हळदीच्या पानात उकडलेला गोड पदार्थ) मागवल्या. "पेट्रोलवाला काच खाली करतो, पैसे देतो, गेला. इतक्या वर्षांत कुणाचं गाव विचारायला जमलं नाही," ते म्हणाले. "तुम्ही लोक तासभर बसता. पेट्रोल बंद झालं तर पंपाचं काय, असं मुलगा विचारतो. मी म्हणतो, खानावळ काढू!"

पातोळी छान होती, पण सायलीचं लक्ष घड्याळाकडे. "आत्या, आरती चुकली तर? सासूबाई सकाळपासून वाट बघतायत गं." रिक्षा करावी, तर सणाला रिक्षावाले आपापल्या घरी.

टॅक्सीवाला मघापासून आमच्या सुपांकडे बघत होता. "ओवसा हाय काय?"

सायलीने मान हलवली. त्याने उठून सरळ आपल्या गाडीची केबल काढली. "लावा तुमची."

"अहो, तुम्हालाही घरी जायचं असेल ना?"

"पोलादपूरला. मला कसली घाई? बाबा गेले, यंदा आमच्यात गणपती नाय. घरात आय एकटी. मखराची जागा रिकामी बघायला पाय उचलत नाय."

मी केबल आमच्या गाडीला लावली. सायलीने त्याचं घर नीट विचारून घेतलं.

कापड्याची भातखाचरं दिसली तेव्हा उन्हं कलली होती. निरांजन लावायचंच बाकी होतं. "आली गो माजी सून!" म्हणत सासूबाई अंगणात धावत आल्या आणि माझा जीव भांड्यात पडला.

ओवसा झाल्यावर सुपं घरातल्या थोरल्या बायकांना दिली. सायलीने एक बाजूला ठेवलं. "ह्ये कुनाला?" सासूबाईंनी विचारलं. तिने टॅक्सीवाल्याच्या आईचं सांगितलं. विधवेला ओवशाचं सूप देत नाहीत. सासूबाई जरा थांबल्या, मग आत जाऊन नारळ आणला आणि स्वतःच्या हाताने त्यात ठेवला.

दुसऱ्या दिवशी परतताना पोलादपूरला थांबलो. टॅक्सी दारातच होती. सूप बघून त्याची आई मागे सरली. "मला कशाला गो? माजा मान सरला आता."

"तुमच्या लेकामुळे माझा ओवसा झाला," सायली वाकून नमस्कार करत म्हणाली. "हा मान तुमचाच."

बाईंनी हात पदराला पुसले आणि दोन्ही हातांनी सूप घेतलं. ते त्यांनी मखराच्या रिकाम्या जागी नेऊन ठेवलं. मग लेकाला म्हणाल्या, "बाळा, म्होरल्या वर्साला मखर मोठं कर रे. माजी सून येनार हाय ओवशाला."

आम्ही निघालो. त्या लेकाचं लग्न अजून ठरलेलंही नव्हतं. 'माजी सून' म्हणताना हात त्यांनी सायलीच्या डोक्यावर ठेवला होता.