फुगडी बांधू न देणारे कासमभाई

कासमभाई मिस्त्रींची आणि माझी पहिली ओळख भांडणाने झाली. मिरकरवाड्याच्या वरच्या अंगाला भाताची गिरणी नुकतीच सुरू झाली होती, आणि तिथे तांदूळ पाखडायला जायला लागले त्याचा माझा पहिलाच दिवस. डोक्यावर पाटी घेऊन मी इंजिनाच्या पट्ट्याजवळून चालले होते, तोच मागून कोणी ओरडलं, "ओ बाय! पदर खोचा आधी!" मी काय ऐकून घेणारी? म्हटलं, "माझ्या पदराकडे बघायला ठेवलाय काय रे तुला शेठनी?" फस्स करून वाफ बंद झाली, चाक मंद होत होत थांबलं, आणि तेलकट टोपीतले एक उंच गृहस्थ समोर येऊन उभे राहिले. "आता खोचा. तुमी खोचल्याबिगर चाक फिरायचं नाय." सगळी गिरणी माझ्या पदरासाठी थांबलेली. शेठ गादीवरून ओरडतायत, बायका तोंडाला पदर लावून हसतायत. मी पदर खोचला. त्या दिवसापासून मी त्यांना कधी अरेतुरे केलेलं नाही.

आता त्यांना साठावं वर्ष लागलं म्हणून गिरणीतल्या आणि मोहल्ल्यातल्या मंडळींनी हे पुस्तक काढायचं ठरवलं. तेव्हा गावातले एक शहाणे गृहस्थ म्हणाले म्हणे, "मिस्त्रीचा गौरवग्रंथ? असं केलंय काय त्यांनी?" सांगते ना. शास्त्रीबुवांनी पोथ्या लिहिल्या, वकिलांनी अर्ज लिहिले, आणि कासमभाईंनी सतरा वर्षं एक इंजिन ताब्यात ठेवलं. पोथीत चूक झाली तर माणूस मरत नाही. इंजिन सुटलं तर मरतो. ज्यांना हसायचं त्यांनी खुशाल हसावं. मी दुसरी यत्ता अर्धवट सोडलेली बाई आहे, पण हा लेख मीच लिहिणार. मांडीवर नात आहे, ती दुपारची झोपायला तयार नाही आणि मधूनमधून टाकाला हात घालते. शाईचे डाग दिसले तर ते तिचे.

कासमभाई मूळचे खाडीपलीकडचे. तरुणपणी आगबोटीच्या पोटात, भट्टीपाशी, त्यांनी कित्येक वर्षं काढली. किती मुलखांची बंदरं बघितलीत हो, असं विचारलं तर म्हणतात, "वैनी, मी बंदरं कुठली बघतो? मी बायलर बघितले." मग घरची आठवण अनावर झाली आणि ते परतून गिरणीवर लागले.

आमच्या इंजिनावर दोन लोखंडी गोळे होते. साहेबी नाव गव्हर्नर. आम्ही बायका त्याला फुगडी म्हणायचो, कारण फुगडीला जोर चढला की पोरी जशा मागे कलतात, तसे चाकाला वेग आला की ते गोळे गरगरत बाहेर फाकायचे. एकदा दुपारच्या सुट्टीत कासमभाईंनी आम्हा आठही जणींना इंजिनापाशी नेलं. म्हणाले, "गोळे फाकले की हा दांडा उचलतो. दांडा उचलला की वाफेची झडप मिटते. वाफ कमी झाली की चाक हळू होतं. फार हळू झालं की गोळे जवळ येतात आणि झडप परत उघडते. कुणी हात लावायला लागत नाय." मला फार आवडलं ते. घरात असं एखादं माणूस असावं, असं वाटलं. शेठ हसले, "मिस्त्री, पाखडणाऱ्या बायकांना कशाला हे शास्त्र?" कासमभाई म्हणाले, "चाकासमोर त्या बसतात, शेठ. चाक कशानं आवरतं ते त्यांना नको ठाऊक?" असं बोलणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता, आणि त्यानंतरही फार पाहिलेले नाहीत.

मिठाच्या सत्याग्रहाच्या आदल्या साली शेठनी मुंबईहून एक फिटर आणले. त्यांनी ती फुगडी उतरवली, कित्येक वर्षांचं किटण खरवडलं, सांधे घासून घासून चकचकीत केले, तेल घातलं. गोळे नुसत्या फुंकरीने हलायला लागले. कासमभाई बाजूला उभं राहून बघत होते. एवढंच म्हणाले, "फारच मोकळं केलंत." फिटर हसले, "मग काय गंजलेलं हवं तुम्हाला?"

दुसऱ्या दिवशी इंजिनाला धाप लागली. चाक भर्रकन धावायचं, मग मेल्यासारखं मंद व्हायचं, पुन्हा धावायचं. धावलं की तांदळाची कणी पडायची, मंदावलं की भात न सोलताच बाहेर यायचं. सुपात अर्धी कणी आणि अर्धी टरफलं. मंडणगडाकडची गिऱ्हाइकं पोती परत घेऊन जायला लागली.

मी कासमभाईंना म्हटलं, "हे आमच्या धाकट्या जावेच्या आमटीसारखं झालंय. चाखते, अळणी लागली की मीठ घालते. ते विरघळायच्या आत पुन्हा चाखते, पुन्हा घालते. मग खारट झाली म्हणून पाणी ओतते, की पुन्हा अळणी." कासमभाई माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "वैनी, तेच. अगदी तेच. आधी किटणामुळे गोळे वायच दमानं हलायचे. आता ते घाई करतात. झडप मिटली त्याचा गुण चाकाला लागायच्या आत हे पुढं गेलेले असतात." पुढे सहा महिने ते मला भेटले की विचारायचे, "जावेची आमटी कशी आहे?"

पण फिटरनी शेठना भलताच उपाय सांगितला. गोळे सुंभाने बांधून टाका, झडप एका जागी राहील, चाक एका चालीने चालेल. शेठनी कासमभाईंना बोलावून तसं सांगितलं. आमची रांग जवळच होती, कारण खडे निवडायला लागतो तो उजेड नेमका मोठ्या चाकासमोरच्या खिडकीतून यायचा. सगळं ऐकू आलं.

"बांधलं की चालेल, शेठ. पट्टा जागेवर आहे तोवर चालेल. पट्टा तुटला तर इंजिनावरचं ओझं जाणार आणि वाफ तशीच येत राहणार. चाक इतकं धावेल की फुटेल."

"आजवर कधी तुटलाय पट्टा?"

"माणूस तरी कितीदा मरतो, शेठ?"

"मिस्त्री, शहाणपण पुरे. सुंभ बांधा, नाहीतर उद्यापासून येऊ नका."

"उद्यापासून कशाला? आजच जातो."

आवाज चढवला नाही त्यांनी. आपला डबा घेतला आणि जाताना आमच्या रांगेपाशी थांबले. "बायांनो, गोळे बांधलेले असले तर हितं बसू नका. मी नसलो तरी बघून बसा. बघता येतं तुमाला."

घरी त्यांची चार पोरं होती. तरीही ते नाही म्हणाले. आणि नोकरी गेली त्याच संध्याकाळी काय केलं असेल? धक्क्यावर जाऊन आगबोटीच्या खलाशांत माझ्या मुलाची चौकशी केली. मुलगा जहाजावर होता आणि चार महिने त्याचं पत्र नव्हतं. मी त्यांना कधीतरी सहज बोलले होते, ते त्यांनी लक्षात ठेवलेलं. दिवेलागणीला दारात येऊन म्हणाले, "एडनला इस्पितळात आहे. ताप होता, उतरला. जेवतो." एवढं सांगून गेले, पाणीसुद्धा प्यायले नाहीत. त्याच मुलाची ही मुलगी आता माझ्या मांडीवर बसून कागद चघळतेय.

दुसऱ्या दिवशी आम्ही गिरणीत गेलो. आधी वर बघितलं. गोळे सुंभाने आवळून बांधलेले. आम्ही आठही जणी सूप घेऊन दारातच उभ्या राहिलो. शेठ म्हणाले, "बसा." मी म्हटलं, "आधी फुगडी सोडा." शेठ तापले. "एका मुसलमान मिस्त्रीसाठी तुम्ही माझं काम अडवणार?"

"मिस्त्रीसाठी नाही हो, शेठ. ही मान माझी आहे."

"दुसऱ्या बायका आणीन."

"आणा. त्यांनाही आम्ही दारातच सांगू."

आणि सांगितलं! आलेल्या चौघी माघारी गेल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तीन दिवस भात पडून राहिलं. आमच्याही चुली सुखात होत्या असं नाही. घरच्यांनी बोलून घेतलं, कामाचा कंटाळा आला असं म्हणाले. एकीच्या नवऱ्याने तिला हात धरून आणली, तर ती आमच्याच रांगेत उभी राहिली. चौथ्या दिवशी मुनीम टोपी सावरत कासमभाईंच्या घरी गेले. कासमभाई आले, कुणाशी न बोलता शिडी चढले आणि कोयतीने सुंभ कापला. मग खाली उतरून शेठना म्हणाले, "चार दिवस द्या. धाप मी थांबवतो. पण गोळे सुटेच राहतील."

त्यांनी पितळेचा एक डबा घेतला, त्यात तेल भरलं. एक गोल पत्रा कापून त्याला भोकं पाडली आणि तो दांड्याला असा जोडला की गोळे हलले की पत्रा तेलातून वरखाली व्हावा. तेल काही पटकन वाट देत नाही. गोळ्यांना घाई करता येईना. चाक पहिल्या दिवशीच शांत चाललं, आणि सुपात तांदूळ अख्खा पडला. आम्ही टाळ्या वाजवल्या. शेठनी वाजवल्या नाहीत.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण ती त्यांनी स्वतः कधी लपवली नाही. डब्यात त्यांनी खोबरेल घातलं होतं. कोकणातला माणूस तेल म्हटलं की दुसरं काय घालणार! पौषात एके सकाळी थंडी पडली आणि खोबरेल थिजलं. इंजिन सुरू झालं, पण गोळे जागचे हलेनात. कासमभाईंनी वर बघितलं मात्र, आधी आमच्याकडे धावले. "उठा! सगळ्या बाहेर!" मग वाफ तोडली. शेठ आले तेव्हा त्यांच्यासमोर, आमच्यासमोर म्हणाले, "आज फुगडी माझ्याच हातानं बांधली गेली. चूक माझी." शेठना बोलायला आयतंच सापडलं. ते पोटभर बोलले. कासमभाईंनी ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "वैनी, थंडीत कुठलं तेल थिजत नाय?" मी म्हटलं, "एरंडेल. बाळंतिणीच्या घरात पौषातही ओतता येतं ते." एरंडेल दाट, म्हणून त्यांनी पत्र्याची भोकं मोठी केली. दोन दिवस भोकं कानशीने घासत आणि चाकाची चाल ऐकत बसले. चाल जमली तेव्हाच उठले.

चैत्रात पट्टा तुटला.

बंदुकीसारखा आवाज झाला. मी मान वर केली तर चाक हूं करून धावत सुटलं होतं. एक श्वास, फार तर दीड. गोळे फाकले, दांडा उचलला, झडप मिटली, आणि चाक कुरकुरत मंद झालं. कुणी उठलंसुद्धा नाही, उठायला वेळच नव्हता. तुटलेला पट्टा जमिनीवर पडला होता. माझ्या सुपातले तांदूळ तेवढे सांडले. शेठ गादीवरून धावत आले. त्यांनी पट्ट्याकडे बघितलं, गोळ्यांकडे बघितलं, आमच्या रांगेकडे बघितलं. कासमभाईंनी एकदाही "मी म्हटलं नव्हतं?" असं म्हटलं नाही. म्हणाले, "शेठ, पट्टा नवा आणा. बायांना आज घरी जाऊ द्या."

त्या दिवशी चाकासमोर बसलेल्या आम्ही आठही जणी आज हयात आहोत. आठ घरांत मिळून नातवंडं इतकी आहेत की मोजायला बसलं तर भात करपेल. कासमभाईंनी काय केलं, असं विचारणाऱ्या गृहस्थांनी कधीही आमच्या दारी यावं, एकेक पोर समोर उभं करते.

कासमभाई, तुमचे देव आणि आमचे देव, ज्यांना ज्यांना ऐकू जात असेल त्या सगळ्यांकडे आम्ही आठ जणी मागणं मागतो. तुमचे गुडघे धड राहोत, कान शाबूत राहोत, डोळ्यांत धूर न जावो. शंभरी गाठा. आणि तेव्हाही कुणी शेठ सुंभ घेऊन आला तर त्याला "नाही" म्हणण्याइतका दम छातीत असू द्या. रांगेत आम्ही उभ्या आहोतच.