गायरानाचे दोन तुकडे

माझी एम.एस्सी.ची परीक्षा होऊन निकाल लागला त्या दिवसांत अमरावतीच्या कॉलेजातल्या आमच्या वनस्पतिशास्त्राच्या सरांनी मला प्रयोगशाळेत बोलावून घेतलं. सर एरवी फार कमी बोलत. त्या दिवशी मात्र त्यांनी मला बसायलाही सांगितलं नाही, सरळ सुरुवात केली.

"सरकार एक वर्षाचं प्रशिक्षण काढतंय. एम.एस्सी. झालेली मुलं घेणार. एखादी योजना आखली की तिथल्या मातीचं, पाण्याचं, जंगलाचं काय होईल ते आधी तपासायचं आणि योजना करावी की नाही ते सरकारला लिहून द्यायचं. तू अर्ज कर."

पर्यावरण हा शब्द तेव्हा आमच्या कानावर आलेला नव्हता. पण सर बोलत होते ते मला लख्ख कळलं. झाडांची लॅटिन नावं पाठ करण्यात माझी दोन वर्षं गेली होती. त्या झाडाखालच्या जमिनीचं पुढं काय करायचं, हे कुणी आपल्याला विचारेल असं कधी मनातही आलं नव्हतं. मी संध्याकाळच्या गाडीनं बडनेऱ्याहून अकोल्याला घरी गेले आणि रस्ताभर खिडकीतून शेतंच बघत राहिले.

माझी माय जिनिंग फॅक्टरीत सरकी वेचायची आणि हंगाम संपला की निंदणाला, खोदायला जायची. बाबा मी शाळेत असतानाच गेले होते. मायनं सगळं ऐकून घेतलं.

"ही नोकरी हाय का शिकणं?"

"शिकणंच. पण सरकार शिकवते."

"अन् मंग सरकारनं काय करावं, ते तू त्याले सांगशील?"

"हो."

माय हसायला लागली. मग चूल तशीच सोडून शेजारच्या मावशीकडं गेली. तिथून मला तिचा आवाज ऐकू येत होता, "माही पोरगी आता सरकारले अक्कल शिकवणार हाय." आम्ही बौद्ध झालो त्याला काही वर्षं झाली होती. वस्तीतली शिकलेली मुलं मास्तर व्हायची, कारकून व्हायची. हे असलं काम आमच्या गल्लीत कुणी ऐकलं नव्हतं, त्यामुळं दुसऱ्या दिवशी नळावर मला चारचौघींना तेच पुन्हा समजावून सांगावं लागलं.

मुलाखत अमरावतीला होती. टेबलापलीकडं तीन अधिकारी होते. मधल्या साहेबांनी एक नकाशा उलगडून माझ्यापुढं सारला. "ही डोंगरउतरण. आज गवत आहे. इथं शेती करायची योजना आहे. तुमचा सल्ला?"

मी नकाशा बराच वेळ पाहिला. "यात उतार दिसतो, सर. माती दिसत नाही. खोदून पाहिल्याशिवाय मी काही सांगणार नाही."

"आणि खोदणार कोण? लुगडं नेसून?"

"माझी आई रोज लुगडं नेसूनच खोदते."

मधले साहेब माझ्याकडं बघून मान डोलावत राहिले. संध्याकाळी शिपायानं बाहेर येऊन निवडलेल्यांची नावं वाचली. माझं नाव त्यात होतं. मी तिथून सरांच्या घरापर्यंत जवळजवळ पळतच गेले.

प्रशिक्षणाचे पहिले काही महिने चिखलदऱ्याला गेले. तितक्या आनंदात मी आयुष्यात फार थोडा काळ काढला आहे. सकाळी मातीत भोक पाडायचं गिरमिट खांद्यावर टाकून निघायचं, ते जमिनीत फिरवायचं, वर आलेली माती चुरगाळून पाहायची. पाऊस पडत असताना मुद्दाम बाहेर पडायचं आणि पाणी कुठून वाहतं, कुठं गढूळ होतं ते बघत ओढ्याच्या काठानं चालायचं. कॉफीच्या बागेत मोठ्या झाडांच्या सावलीखाली पाणी नितळ असायचं, उघड्या उतारावर तेच पाणी लाल व्हायचं. संध्याकाळी ओल्या कपड्यांनी चहा पीत आम्ही त्यावर भांडायचो.

माझ्या जोडीला शेंदूरजनाघाटचा एक मुलगा होता. घरच्या संत्र्याच्या बागा, घर पिढ्यान् पिढ्या शेतीतलं. हुशार होता आणि हट्टी.

पावसाळा सरता सरता आम्हा दोघांना पहिलं खरं काम मिळालं. बाळापूरकडच्या एका गावचं गायरान नांगरटीला द्यायचं की तसंच ठेवायचं, एवढाच प्रश्न होता. जमीन मागणारी बहुतेक घरं आमच्याच समाजाची, भूमिहीन. आम्ही पोचलो तशी एक बाई पुढं आली. तिनं मला आडनाव विचारलं आणि माझा हातच धरला.

"तुमी आपल्याच नं, बाई? मंग लिवून द्या नं, जमीन द्या म्हणून. पायून काय राहिल्या?"

मला तिला तिथंच हो म्हणावंसं वाटलं. जोडीदार मात्र हळूच म्हणाला, "सगळं गवतच राहू दे. नांगर लागला की ही टेकडी ओढ्यात जाईल."

"तुझ्या घरी जमीन आहे म्हणून तुला सोपं वाटतं," मी म्हणाले.

तो रागावला नाही. "असेल. मग मोजू आपण," म्हणाला.

आम्ही वरपासून खालपर्यंत गिरमिट लावत गेलो. ती बाई आणि तिचा नवरा बरोबर चालत होते. वरच्या अंगाला हातभर आत गेलं की मुरूम लागायचा. खाली ओढ्याच्या वळणाशी मात्र सपाट, काळी, खोल माती होती. गिरमिट संपलं तरी माती संपत नव्हती. आम्ही दोघांनी एकदमच एकमेकांकडं पाहिलं. त्या एका क्षणात आमचं भांडण मिटलं.

मी त्या बाईला समजावलं, "खालची जमीन मागू. वर नांगर लावला तर दोन-चार पावसांत वरचा मुरूम तुमच्या खालच्या पिकावर येईल."

"अन् वरचं गवत कोणाचं?" तिनं लगेच विचारलं.

हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. गवत कापायचा हक्कही याच घरांना द्यावा, असं आम्ही शिफारशीत घातलं.

अमरावतीच्या बैठकीत सगळ्यांसमोर मी तो अहवाल वाचून दाखवला. मुलाखतीतले साहेबच अध्यक्ष होते. "सरकारला हो किंवा नाही, एवढंच उत्तर हवं असतं," ते म्हणाले.

"साहेब, जमीनच दोन तऱ्हेची आहे. एक उत्तर दिलं तर ते निम्म्या जमिनीसाठी खोटं ठरेल."

"पुढं वाचा," ते म्हणाले.

मंजुरी यायला बराच वेळ लागला. आम्ही सुचवलेल्या खालच्या जमिनीतला थोडाच भाग वाटला गेला, गवताचा हक्क मात्र पूर्ण मिळाला. तोवर मला प्रशिक्षण देणाऱ्या त्याच खात्यात नोकरी लागली होती. जोडीदाराची नेमणूक चांद्याकडं झाली.

पुढच्या हंगामात मी मायला घेऊन त्या गावी गेले. त्या बाईच्या वाट्याला आलेल्या तुकड्यात ज्वारी छातीएवढी उभी होती. तिनं आम्हाला बांधावर बसवून हुरडा भाजला. मायनं मूठभर माती उचलून दाबून पाहिली आणि तिला म्हणाली, "पुढच्या साली तुरीची एखादी ओळ टाकजो बाप्पा मधात. माती चांगली हाय." मग दोघी पिकाच्या गोष्टी बोलत बसल्या. मी हुरडा खात ऐकत होते.