थकलेल्या हृदयांचा व्यायामवर्ग

माझ्या कामात किस्से गोळा करावे लागत नाहीत. पेशंट सायकल मारत असतो, त्याला मधेच उतरता येत नाही; मी त्याच्यावर नजर ठेवून असते, मला हलता येत नाही. मग दोघांनी करायचं काय? बोलायचं. रत्नागिरीतल्या एका हॉस्पिटलात मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि हृदय अशक्त झालेल्या लोकांचा व्यायामवर्ग घेते. दोन सायकली, एक ट्रेडमिल, भिंतीशी एक लांब बाक आणि बाकावर काळजी करत बसलेले नातेवाईक. एवढ्या सामानावर किश्शांची ही रास जमलीय.

*

पूर्णगडचे मयेकर काका जन्मभर बोटीवर होते. त्यांना धाप लागायला लागली, पाय सुजले. डॉक्टर काकूंना म्हणाले, "हार्ट फेल्युअर आहे." म्हणजे हृदय रक्त पुरेशा जोराने ढकलत नाही, एवढंच. पण आपल्याकडे हार्ट फेल झालं म्हणजे माणूस गेला. काकांना घरी आणल्यावर काकूंनी मुंबईला दिराला फोन केला, "ह्यांचं हार्ट फेल झालं" एवढं म्हणाल्या आणि रडू फुटलं म्हणून ठेवून दिला. पुढे फोन लागेचना.

दुसऱ्या दिवशी गाडी भरून नातेवाईक पूर्णगडला पोचले. काका पडवीत चहा पीत होते. सगळ्यांचे उतरलेले चेहरे बघून त्यांनी कप खाली ठेवला आणि हळूच विचारलं, "कोण गेलं रे?"

तेव्हापासून आमचे डॉक्टर 'फेल' हा शब्द तोंडातून काढत नाहीत. "हृदय थकलंय," असं म्हणतात.

*

त्याने नवीच पंचाईत झाली. काका वर्गाला आले त्या पहिल्या दिवशी काकू माझ्यावर उखडल्या. "थकलंय म्हणता नि वर सायकल मारायला लावता? थकलेल्याला निजू द्यावं."

मी समजवायला लागले. नीट तपासून, हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम केला की हातापायांचे स्नायू सुधारतात, तेच काम करताना धाप कमी लागते, वगैरे. काकूंचा चेहरा काही हलेना. तेव्हा शेजारच्या सायकलवरून जाधव बाई बोलल्या. बाई प्राथमिक शिक्षिका होत्या, आता निवृत्त. हृदय त्यांचंही थकलेलंच.

"कच्च्या मुलाला आपण घरी निजवून ठेवतो का हो? रोज थोडा थोडा अभ्यास देतो."

"आमचे हे शाळा बुडवायचे," काकू म्हणाल्या. पण काकांना सायकलवर बसू दिलं.

*

वर्गाच्या आधी मी प्रत्येकाचं वजन करते. एक-दोन दिवसांत ते एकदम चढलं, तर अंगात पाणी साठत असण्याची शक्यता असते, आणि त्यात बरेचदा मिठाचा हात असतो. एका सोमवारी मयेकर काकांचं वजन चढलेलं, पाय पुन्हा सुजलेले. त्या दिवशी व्यायाम बंद. त्यांना घेऊन डॉक्टरांकडे निघाले.

"काका, मीठ खाल्लंत?"

"शपथ, नाही."

"मग काल जेवलात काय?"

"खारा बांगडा. भाजून."

मी त्यांच्या सुजलेल्या पायांकडे बोट दाखवलं.

"अगो बाय," काका शांतपणे म्हणाले, "मी बांगडा खाल्ला. मीठ त्याने खाल्लंन."

डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या, सूज उतरली. उरलेले बांगडे काकूंनी शेजारी देऊन टाकले. काका त्या शेजाऱ्यांशी अजून धड बोलत नाहीत.

*

साळवी काका कचेरीतून क्लार्क म्हणून निवृत्त झाले आणि बोलणं बहुतेक तिथेच ठेवून आले. आमच्या वर्गाचा नियम असा, की सायकल मारताना बोलता आलं पाहिजे. वाक्य मधेच तुटायला लागलं की समजायचं, वेग जास्त झाला. साळवी काका तर वाक्य सुरूच करत नसत.

"काका, बोला काहीतरी. नाहीतर मला कळणार कसं?"

"काय बोलू?"

"काहीही. काकूंना पाहायला गेलात तो दिवस सांगा."

साळवी काकू समोरच्या बाकावर पेपर वाचत होत्या. काका पेडल मारत सांगायला लागले. "पोहे आले. मला पोहे आवडत नाहीत. पण डिश संपली की उठावं लागलं असतं. आणि मला उठायचं नव्हतं. म्हणून आणखी मागितले. मग परत मागितले."

काकूंनी पेपर खाली घेतला. "आवडत नाहीत? मग इतकी वर्षं दर रविवारी मी करतेय ते? कधी बोलला का नाहीत?"

काका पेडल न थांबवता म्हणाले, "तेव्हा सायकल कुठे होती?"

*

जाधव बाईंचं गाव शहराबाहेर, चढावर. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत पांढरी साडी नेसून बायकांच्या रांगेत सगळ्यांत पुढे चालायचं, हा बाईंचा लग्न होऊन आल्यापासूनचा शिरस्ता. आजारपणाच्या वर्षी मात्र त्यांना अंगणही ओलांडवेना. मिरवणूक दारावरून गेली, बायकांनी खिडकीकडे बघून घोषणा दिली, आणि उत्तर द्यायला बाईंना श्वास पुरला नाही. वर्गात आल्या तेव्हा म्हणाल्या, "मला बाकी काही नको. पुढच्या वर्षी विहारापासून चौकापर्यंत चालायचंय."

सुरुवातीला हॉस्पिटलचा पॅसेजसुद्धा त्या भिंत धरून चालत. पण एकही वर्ग चुकवला नाही. एप्रिल आला तेव्हा डॉक्टरांनी तपासून होकार दिला: ऊन उतरल्यावर, सावकाश, आणि त्रास वाटला तर लगेच थांबायचं.

मुंबईहून आलेला त्यांचा मुलगा मिलिंद मात्र ऐकेना. "आई, टेम्पोत बस."

"टेम्पोत बाबासाहेबांची तसबीर असते. तिथे मी कशी बसू?"

शेवटी मिलिंदने घरातली प्लास्टिकची खुर्ची खांद्यावर घेतली आणि आईच्या मागून चालायला लागला. मीही बरोबर होते. बाई जरा थांबल्या की खुर्ची खाली. "आई, बस." बाई पदराने घाम टिपायच्या, श्वास सावरायच्या. "चल पुढे." खुर्ची परत खांद्यावर. चढाला तर ती इतक्या वेळा खालीवर झाली, की मिलिंदचा शर्ट पाठीला चिकटला. बाई मात्र शेजारणींशी बोलत बोलत चढ चढल्या.

चौकात पोचल्यावर मिलिंदने खुर्ची टेकवली आणि तोच तिच्यात बसला. चेहरा लालबुंद, तोंड उघडं. बाई त्याच्या मागे उभ्या राहिल्या, खांद्यावर हात ठेवून. कुणीतरी तेवढ्यात फोटो काढला.

तो फोटो बाईंच्या परवानगीने माझ्या मोबाइलमध्ये आहे. घाबरलेला नवा पेशंट आला की मी तो पुढे धरते आणि विचारते, "ह्यातला पेशंट कोण?"

आजवर सगळ्यांनी खुर्चीवरच बोट ठेवलंय.