क्योटोतला मोकळा दिवस

यांची ओसाकाला डॉक्टरांची परिषद ठरली. तिला जोडून एक दिवस मोकळा होता. त्या दिवशी दोघांनी क्योटो बघायचं ठरलं. क्लिनिकमधली ड्यूटी संपवून हे कुवेतमधल्या रिग्गई भागातल्या आमच्या घरी आले की मी फोन घेऊन बसायची. लाल कमानींचं देऊळ गर्दीच्या आधी, मग बसने डोंगरावरचं लाकडी मंदिर, संध्याकाळी नदीकाठी नुसतं बसायचं. मी वाचून दाखवायची, हे ‘हं’ म्हणायचे.

शुक्रवारी यांचे एक मित्र बायकोसह जेवायला आले. मी पोळ्या वाढत होते आणि हे माझाच बेत त्यांना रंगवून सांगत होते. ऐकून मला बरं वाटलं.

“मग वहिनी, झाली का तयारी?” मित्राच्या बायकोने विचारलं.

“हिला कुठे नेतोय!” हे म्हणाले. “चार पायऱ्या चढली की हिचे गुडघे बोलायला लागतात. मी एकट्याचंच तिकीट काढलंय.”

सगळे हसले. मीही हसले.

पाहुणे गेल्यावर विचारलं, “अहो, आधी का नाही सांगितलंत?”

“सांगितलं असतं, तर तू एवढं शोधून दिलं असतंस का?”

हे क्योटो बघून आले. मी पुण्याला बहिणीला फोन करून सगळं सांगितलं.

“तुला कुवेतला तरी नेलंय ना त्यांनी?” ती म्हणाली.

त्यानंतर मी हा विषय कुणाकडेच काढला नाही.